डकोटाची आंघोळ

खंडेनवमीच्या दिवशी गंगूच्या माहेरी, खरवईला, घरातलं एकही हत्यार पारोसं राहत नसे. कोयते, विळे, पहार, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, झालंच तर तिच्या बाबांची, रामभाऊंची, मिशा कापायची कात्रीसुद्धा अंगणात ओळीने मांडली जायची. वर्षभर बिचारी आपल्यासाठी राबतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, तर एक दिवस त्यांनाही न्हाऊ घालावं, हळदकुंकू लावावं, दोन फुलं वाहावीत, एवढंच त्यामागचं साधं म्हणणं. गंगू त्या कामात पटाईत. राखेने घासून कोयता ती असा लख्ख करायची की रामभाऊ म्हणायचे, पोरी, आता यातच बघून भांग पाड.

तर अशी ही गंगू वैशाखात लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेच्या दोन खोल्यांत आली, आणि बघता बघता पहिला दसरा येऊन ठेपला. खंडेनवमीला सकाळी ती पदर खोचून तयार, आणि घरात धुवायला हत्यारच नाही. ना कोयता, ना पहार. सासूबाई, म्हणजे कौसाबाई, विळीकडे बोट दाखवून भजनाला निघून गेल्या. नणंद बकुळा नववीत, ती शाळेत. नवरा जयदेव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर, तो पहाटेच गेला होता, कारण तिकडेही आज मशिनांची पूजा.

गंगूने विळी धुतली. खलबत्ता धुतला. किसणी धुतली. किसणी काही हत्यारात मोडत नाही, पण हात शिवशिवत होते त्याला काय करणार? मग तिची नजर खिडकीखालच्या टेबलाकडे गेली आणि तिला एकदम वाटलं, अगं बाई, हत्यारं तर इथे आहेत.

ते टेबल जयदेवचं. त्याला विमानं करायचा नाद होता. खरी नव्हे, खेळण्यातली म्हणावीत तर तशीही नव्हे. उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या दुकानात कधीमधी बाहेरच्या देशातला डबा यायचा, त्यात प्लास्टिकच्या चौकटीला विमानाचे बारीक बारीक तुकडे चिकटलेले असायचे. ते कापायचे, कानशीने घासायचे, जोडायचे, फटी भरायच्या, पुन्हा घासायचे, रंगवायचे. तांदळाच्या दाण्याएवढा वैमानिक, त्यालाही पट्टा, टोपी आणि जयदेवची मर्जी असेल तर मिशी. विमान मिटवल्यावर आतलं काहीही दिसणार नसलं तरी आतली खुर्ची तो रंगवायचाच. बकुळा म्हणायची, दादाला नोकरी मशिनवर आहे पण जीव टेबलावर आहे.

लग्न झाल्यापासून गंगूने नवऱ्याची पाठच जास्त पाहिली होती. तो कामावरून यायचा, चहा घ्यायचा, टेबलाशी बसायचा. माणूस लाजाळू. मीठ बरोबर आहे ना, असं तिने विचारलं की बरोबर आहे म्हणायचा, नसलं तरी. पण टेबलाशी बसला की ती पाठ कशी सैल व्हायची, मधूनच तो बारीक शीळ घालायचा, ते गंगूला फार आवडायचं. भाजी निवडायला ती मुद्दाम तिथून पाठ दिसेल अशी बसायची.

सध्या टेबलावर होतं ते डकोटा. लढाईतलं सामान वाहणारं, दोन इंजिनांचं जाडगेलं विमान. वीतभर लांब, हातभर रुंद. समोर भिंतीला एक चित्र टाचलेलं, रद्दीतल्या मासिकातून कापलेलं. सत्तेचाळीस सालचं, श्रीनगरच्या मैदानात उतरलेलं असंच एक डकोटा, दारातून सैनिक खाली उतरताहेत. गंगू आज पहिल्यांदाच त्या विमानाकडे जवळून बघत होती. आणि जवळून बघितलं तर काय, विमान हे एवढं मळलेलं. दोन्ही इंजिनांपाशी काळे ओघळ, पंखांवर तेलकट डाग, चाकांना चिखल, दाराशी तर धुळीचा थर. बिचारं. घरात तीन माणसं, आणि एकालाही त्यावरून फडकं फिरवावंसं वाटलं नाही.

मग गंगूने रिठे उकळले.

राख नाही हं, राख लावायला ती काय वेडी होती? रिठ्याचा फेस, कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश आणि कौसाबाईंच्या विटक्या पातळाचा मऊ तुकडा. तान्ह्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालावं तसं तिने त्या डकोटाला न्हाऊ घातलं. काळे ओघळ एका हातात निघाले. चाकांचा चिखल निघाला. डोक्यापासून शेपटापर्यंत एक लांब केस चिकटला होता, तोही तिने चिमटीत धरून हळूच काढून टाकला. पुसून, वारा घालून, टेबलावरचे चिमटे आणि कानशी ओळीने मांडून मधोमध विमान ठेवलं. नाकाला हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार मोठा झाला असता, म्हणून पाकळ्या ओवून करंगळीएवढा हार केला. खिडकीतलं ऊन पंखावर पडलं तेव्हा विमान असं काही चमकलं की गंगूच्या मनात आलं, आता हे उडायचंच तेवढं बाकी आहे.

दुपारी जयदेव पेढ्याचा पुडा घेऊन आला. त्याच्याही कपाळाला कुंकू होतं, हाताला रॉकेलचा वास, कारण सकाळी त्याने आपलं मशिन स्वतः पुसून काढलं होतं. गंगू दारातच उभी. नुसती बाजूला झाली, की आधी त्याला दिसू दे.

त्याला दिसलं. तो टेबलापाशी गेला आणि उभा राहिला. पंखाच्या खालून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग त्याने दोन्ही हात जोडले, विमानाला नमस्कार केला आणि मागे वळून म्हणाला, "छान झालंय."

गंगूला स्वर्ग दोन बोटं उरला. त्या रात्री जेवताना तिने कौसाबाईंना दोनदा सांगितलं की त्यांना आवडलं बरं का.

दसरा झाला, सोनं वाटून झालं. आणि त्यानंतर जयदेव टेबलाशी बसेना. कामावरून यायचा, चहा घ्यायचा, पेपर उघडायचा. पेपर वाचून झाला की तोच पेपर उलटा मागून वाचायचा. शीळ बंद. गंगू भाजी घेऊन ठरल्या जागी बसायची आणि समोर रिकामी खुर्ची. कोजागिरीनंतरच्या रविवारी तर त्याने सगळं आवरलंच. चिमटे, कानशी, रंगाच्या डब्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, विमान जुन्या टॉवेलात गुंडाळलं, आणि दोन्ही पोटमाळ्यावर चढवलं. खाली उतरून हात झटकत म्हणाला की टेबल रिकामंच आहे, तर गंगूने तिथे शिलाई मशिन ठेवावं, खिडकीचा उजेड चांगला येतो.

रामभाऊंनी लग्नात दिलेलं मशिन आत्तापर्यंत पलंगाखाली खोक्यात पडून होतं. गंगूला कोण आनंद झाला. आपला नवरा न सांगता आपल्या मनातलं ओळखतो, असं तिने शेजारणीला सांगितलंसुद्धा.

त्या आठवड्यात ती बकुळासाठी परकर शिवत बसली होती. बकुळा जमिनीवर पालथी पडून भूगोल करत होती, म्हणजे पेन्सिल चावत होती. गंगू मशिनचं चाक फिरवता फिरवता दादाच्या मोठ्या मनाचं कौतुक करायला लागली, आणि बकुळाला ते ऐकवेना. ती उठून बसली.

"वहिनी, तुला खरंच काही कळलं नाही?"

"काय कळायचंय?"

"ती घाण नव्हती गं. ती दादाने केली होती."

मग बकुळाच्या तोंडाचा नळ सुटला. विमान रंगवून झालं की नुसतं नवं कोरं दिसतं, दुकानातल्यासारखं, आणि दादाला ते खोटं वाटतं. उडलेलं विमान मळतं. म्हणून पावसाळाभर तो त्याला मळवत बसला होता. दिव्याची काजळी, खडूची पूड, शिसपेन्सिलीची पूड, काडीला कापूस गुंडाळून एकेक डाग लावायचा, फुंकर मारायची, चित्राशी ताडून बघायचं, नाही पटलं तर पुसून पुन्हा. शेवटी वरून बिनचमकीचं वार्निश मारायचं की डाग कायमचे बसतात. तेवढंच राहिलं होतं, कारण उल्हासनगरच्या शेटकडे ते अजून आलं नव्हतं.

"आणि तो केस," बकुळा म्हणाली, "तो माझा होता. विमानाच्या रेडिओची तार, एरियल होती ती. देशासाठी मी डोक्याचे तीन केस उपटून दिले, त्यातला एक सरळ निघाला."

गंगूला आधी हसूच आलं. मळवायला मेहनत? तिच्या माहेरी हे कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी अंगारा आणला असता. पण हसता हसता तिने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. ते तसंच टाचलेलं होतं. तिला इतके दिवस वाटायचं की फोटोच जुना, म्हणून मळकट. आता बघितलं तर काळे ओघळ बरोबर इंजिनांपाशी. पंखांवरचे डागही बरोबर तिथेच. मशिनच्या चाकावरचा तिचा हात आपोआप थांबला.

"मग ते मला बोलले का नाहीत?"

बकुळाने खांदे उडवले. आईनेही त्याला तेच विचारलं होतं म्हणे, तर दादा म्हणाला, जाऊ दे, ती नवीन आहे.

ती नवीन आहे. विमानाचं दुःख एक, पण हे तीन शब्द गंगूला जे लागले ते तिलाच ठाऊक. कारण खरवईला पाहुण्यावर कोणी रागवत नाही. पाहुण्याने तांब्या फोडला तर म्हणतात, जुनाच होता. घरच्याला मात्र सोडत नाहीत. एकदा तिच्या हातून खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि मुंगसाने कोंबड्यांची दैना केली, तेव्हा रामभाऊ असे कडाडले होते की शेजारच्या शिरगावपर्यंत ऐकू गेलं असेल. आणि संध्याकाळी तेच रामभाऊ तिच्या ताटाला ताट लावून जेवले होते. गंगूला वाटलं, वैशाखापासून आपण या घरात भांडी घासतोय, पाणी भरतोय, आणि अजून आपल्यावर रागावण्याइतकंही आपण यांचं कोणी झालो नाही. आपण पाहुणी. पाहुणीला खिडकीतली जागा देतात.

त्या संध्याकाळी तिने धीर करून जयदेवला सांगितलं, माझं चुकलं, मला ठाऊक नव्हतं. तो इतका गडबडला की हातातला पेपर खाली पडला. अगं काही नाही, विमानच ते, असं म्हणाला आणि वर तिलाच विचारलं की तुला चहा करून देऊ का. झालं. याहून दोन शब्द टोचून बोलला असता तर तिला रात्री झोप तरी लागली असती.

आता गंगूच्या मनाने एकच घेतलं. ते टेबल परत त्याचं झालं पाहिजे. ती शीळ परत ऐकू आली पाहिजे. कसं, ते माहीत नव्हतं. मग तिला जे सुचलं ते कोणालाही सुचलं असतं, नवं विमान आणायचं. बकुळाला बरोबर घेऊन ती उल्हासनगरला गेली.

लछमनदास शेटचं दुकान म्हणजे बोळात घुसलेलं कपाट. खाली बाहुल्या, वर गाड्या, मध्ये शेट, शेटच्या डोक्यावर टांगलेले फुगे. गंगूने अंबरनाथचे जयदेव म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

"वो हवाई जहाजवाला? तू त्याची घरवाली? अरे बैठ, बैठ. बन गया उसका डकोटा?"

गंगूने मान खाली घातली आणि म्हणाली की तसलंच दुसरं पाहिजे. शेट म्हणाले तसलं परत आलं नाही, येणारही नाही, बाहेरून ज्याच्या सामानात जे निघेल ते येतं. त्यांनी एक हेलिकॉप्टर दाखवलं. चावी दिली की ते गोल फिरायचं आणि भिंतीला धडकायचं. बकुळाने नाक मुरडलं. मग शेटना काहीतरी आठवलं आणि ते पोट धरून हसायला लागले. म्हणाले, तुझा माणूस एकदा माझ्याकडे काय मागायला आला होता ठाऊक आहे? धुळीचा रंग. "मी इथे सकाळ-शाम फडका मारतो, बेटी, गिऱ्हाईक बोलतं शेट, माल पर धूल है, भाव कम करो. आणि हा पहिला असा भेटला, जो बोलला, शेट, मला थोडी धूळ पाहिजे." असं हसता हसता त्यांनी मागच्या फळीवरून एक छोटी बाटली काढून गंगूच्या हातात ठेवली. बिनचमकीचं वार्निश. आलं होतं, पण गिऱ्हाईकच फिरकलं नव्हतं.

येताना गंगू हातातल्या बाटलीशीच चाळा करत होती. बकुळाला वाटलं विमान मिळालं नाही म्हणून. पण गंगू वेगळाच विचार करत होती. नवं विमान मिळालं असतं तरी ते आज घरात आहे तसंच निघालं असतं, चकचकीत. हरवलंय ते विमान नाहीच. हरवली आहे ती घाण, आणि घाण काही दुकानात मिळत नाही. ती आपली आपल्यालाच करावी लागते.

पुढच्या रविवारी दुपारी जयदेव केस कापायला गेला. कौसाबाई आडव्या झाल्या होत्या. गंगूने स्टूल घेतलं, पोटमाळ्यावरून टॉवेलातलं विमान आणि रंगांचा पत्र्याचा डबा उतरवला. शिलाई मशिन टेबलावरून खाली ठेवलं. निरांजन लावून त्यावर तांब्याची ताटली धरली आणि काजळी पाडली, अगदी बाळाच्या काजळाला पाडतात तशी. बकुळाला सांगितलं, तू दारात उभी राहा आणि दादा दिसला की खोक. बकुळा म्हणाली, खोकून काय होणार, विमान काय गिळणार आहेस? तरी ती उभी राहिली.

गंगूने काडीला कापूस गुंडाळला आणि हात लावला. घाण काढायची सवय, घाण घालायची नव्हती. पहिला डाग पडला, जरा मोठा पडला. दुसरा बरा जमला. चित्राकडे बघायचं तिच्या लक्षात होतं, पण चित्रात विमान तिरकं होतं, पुढचं मागचं नीट कळेना, आणि धुताना कुठला ओघळ कुठे होता ते तिने लक्षात ठेवलं नव्हतं, मग तिने आपली अक्कल लावली. इंजिन म्हणजे काय, आत जाळ. जाळ म्हटला की धूर. आणि धूर कुठून येतो? चुलीच्या तोंडातून. चुलीचं तोंड नेहमी पुढून काळं होतं, ते तिने जन्मभर सारवलं होतं. तिने दोन्ही इंजिनांची तोंडं पुढून छान काळीभोर केली, आणि वरही थोडा धूर चढवला, माहेरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढतो तसा. बघून तिचं समाधान झालं. आता चाकं घ्यावीत म्हणून तिने कुंडीतली चिमूटभर माती कालवली.

बकुळा खोकायची विसरली. खरं म्हणजे ती विसरली नाही, शेजारच्या पोरीशी बोलत होती.

जयदेव आत आला तेव्हा गंगू त्याच्या खुर्चीत बसली होती, नाकाला काजळी, पुढ्यात विमान. त्याने चपला काढायला घेतल्या. एक पाय काढलेला, एक तसाच, आणि तो तिथेच थबकला.

"हे काय केलंस?"

गंगू उठून उभी राहिली.

"अगं पुढे कुठे धूर? पुढे पंखा फिरतो तिथे! विमान पुढे जातं तर धूर मागे जाईल का पुढे येईल? उभ्या जन्मात कधी विमानाचं तोंड काळं बघितलंयस? आणि ही माती कसली? शेणासारखी दिसतेय. एवढं समोर चित्र टाचलंय, डोळे काय पोळपाटावर ठेवून आलीस?"

त्याचा आवाज असा चढला की आतल्या खोलीत कौसाबाई ताडकन उठून बसल्या. बकुळा दारात दगड झाली. बोलून झाल्यावर जयदेवही घाबरला. आजवर तो कारखान्यातल्या मशिनवरच्या पोरालाही एवढं फाडून बोलला नव्हता. तो काहीतरी सावरून घेणार, अगं तसं नाही म्हणणार, तेवढ्यात गंगूच त्याच्याहून मोठ्याने म्हणाली,

"मग सांगायचं की! मी काय आईच्या पोटातून शिकून आले? माझ्या घरी चूल पुढूनच काळी होते. तुम्ही बसता तिकडे तोंड करून, मला दिसते ती पाठ. पाठीवर लिहिलंय का, धूर मागे जातो म्हणून?"

गंगूचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, दोन्ही एकदम. काजळी नाकावरून गालावर आली होती. त्याला त्यातलं नेमकं काय कशासाठी आहे ते कळेना, पण ही रडत नाहीये एवढं कळलं. तो दुसरा पाय चपलेतून काढून पुढे आला. खुर्ची एकच होती. त्याने स्टूल ओढलं आणि त्यावर स्वतः बसला.

"बस," तो म्हणाला. "काडी कुठे आहे?"

मग त्याने तिला दाखवलं. आधी ओलं फडकं घेऊन पुढचं तोंड पुसायचं. हा धुराचा नळ, इंजिनाच्या बाजूला, इथून धूर निघतो आणि वाऱ्याबरोबर पंखाखाली मागे मागे जातो. नळाशी दाट, पुढे विरळ, शेवटी नुसती शंका. हात टेकवायचा नाही, कापूस नुसता शिवायचा, आणि फुंकर. गंगूने फुंकर मारली ती चूल पेटवायला मारावी तशी, सगळी काजळी जयदेवच्या शर्टावर. तो पुन्हा ओरडला. तिने पुन्हा उलट उत्तर दिलं. बकुळा धावत भूगोलाची वही घेऊन आली आणि अभ्यासाचं नाटक करत जवळच बसली, न जाणो एरियलला केस लागला तर आपलं डोकं वाचवायला तयार असावं.

आतून कौसाबाईंनी विचारलं काय चाललंय. बकुळाने सांगितलं, दादा आणि वहिनी भांडताहेत. कौसाबाई दारापर्यंत आल्या, बघितलं आणि परत जाता जाता म्हणाल्या, "आत्ता कुठे घरात लग्न झाल्यासारखं वाटतंय."

इंजिनं झाली. मग दार आलं. जयदेव म्हणाला, दाराच्या कडेला थोडाच रंग खरवडायचा, चिमट्याचं टोक लावून. गंगूने विचारलं की या दारातून काय चढवायचे. तो म्हणाला, पोती, पेट्या, दारूगोळा, जखमी माणसं, सगळं. ती म्हणाली, मग थोडा कसा? आमच्या बैलगाडीची मागची फळी बघा, पोती ओढून ओढून खालची कड पार पांढरी पडली आहे. वरची कड तशीच, कारण वर कोणी पोतं घासत नाही. जयदेवने चित्राकडे पाहिलं. चित्रात दार सैनिकांनी झाकलेलं होतं, खालची कड दिसतच नव्हती. तो म्हणाला, पण हे विमान आहे, बैलगाडी नाही. ती म्हणाली, पोतं तर पोतंच आहे.

पण त्याला हार मानायची नव्हती, म्हणून त्याने अर्धी कड खरवडली. गंगू म्हणाली, एवढीच? तो म्हणाला, एवढीच. थोड्या वेळाने त्याने गुपचूप उरलेली अर्धीही खरवडली, आणि गंगूने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

ऊन खिडकीतून उतरायला लागलं. बाटलीतल्या वार्निशला हात लावायला आज सवडच झाली नाही, कारण चाकांवर येऊन गाडी अडकली होती. जयदेवचं म्हणणं, श्रीनगरची माती करडी दाखवायची. गंगूचं म्हणणं, लाल.

"तुम्ही गेला होतात का श्रीनगरला?"

"नाही."

"मग?"

"तू तरी गेली होतीस?"

"नाही. पण लाल छान दिसेल."

"छान दिसायला लावत नाहीत गंगू, खरं दिसायला लावतात."

गंगू म्हणून त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली होती. दोघांच्याही ते एकदम लक्षात आलं, आणि दोघंही एकदम चाकांकडे बघायला लागली. मग तिने मातीची वाटी त्याच्यापासून लांब सरकवली. त्याने ती परत ओढली. आत कौसाबाईंनी स्वतःच उठून तांदूळ धुवायला घेतले, कारण या दोघांचं काही आज लवकर आटपेल असं दिसत नव्हतं, आणि जयदेव करड्या रंगाची डबी उघडता उघडता, स्वतःच्याही नकळत, बारीक शीळ घालत होता.